सोलैची चूल

"ऊठ. दिवा लाव."

कदिरेसन चेट्टियारांना तो आवाज आजही आला. पेनांगच्या पेढीवरचे मोठे मुनीम वारले त्याला जमाना लोटला. पेढी दुसऱ्याच्या हाती गेली, समुद्र ओलांडायचं चेट्टियारांचं वयही गेलं. आवाज तेवढा राहिला. त्यात राग नसायचा, माया नसायची. दार ढकलावं तसा तो झोपेला ढकलायचा. पेढीच्या लाकडी पेटीशेजारी चटईवर निजलेलं अकरा वर्षांचं पोर, म्हणजे ते स्वतःच, आईच्या स्वप्नातून बाहेर पडायचं आणि अंधारात काडेपेटी चाचपायचं.

म्हणून दोन लेकींच्या पाठीवर सोलैयप्पन झाला, तेव्हा चेट्टियारांनी घरात एक कायदा केला. या पोराला झोपेतून कुणी उठवायचं नाही.

कायदा झाला तो झालाच. सोलै जागा होईपर्यंत उखळात मुसळ पडत नसे. गाईच्या गळ्यातल्या घंटेला फडकं गुंडाळलेलं असे. त्यांच्या बायकोनं, उमैयाळनं, त्यावर अंगाईही जुळवली होती, आणि ती आता गावातल्या इतर आयाही म्हणत:

झोप रे माझ्या राजा, दार लोटते हळू
वाऱ्याला सांगून आले, पान नको हलवू
झोप रे माझ्या राजा, सूर्य थांबेल दारी
तुझ्या डोळ्यांच्या आधी उजाडायची चोरी

तो राजा आता चोवीस वर्षांचा बाप्या झाला होता. त्याचं लग्न होऊन वर्ष उलटून गेलं होतं. सूर्य अजून दारी थांबलेलाच होता.

चेट्टियार वहाणा हातात घेऊन अंगणाच्या कडेकडेनं मागच्या पडवीत गेले. तिथं त्यांची सून तेय्वानै न्हाऊन, ओले केस गाठ मारून, चूल सारवत बसली होती. नवी चूल. अजून तिच्यात एक काटकीही पेटली नव्हती. सासऱ्यांना पाहून ती उठायला लागली.

"बस, बस," चेट्टियार म्हणाले. "मागच्या मुहूर्तालाही सारवली होतीस ना?"

"तिन्ही वेळा सारवली, मामंजी," ती म्हणाली. तक्रारीचा सूर नव्हता. शेणाचा हात तेवढा चुलीच्या काठावरून जरा जास्तच जपून फिरला.

आम्हा चेट्टियारांत मुलाचं लग्न झालं की त्याची चूल वेगळी मांडतात. छप्पर एक, अंगण एक, देवघर एक. चूल मात्र ज्याची त्याची. वर्षाची साळ, डाळ, तिळाचं तेल, चिंच, मिरची, मीठ आणि सरपण आईबाप देतात, आणि मग त्या दोघांनी तेवढ्यात भागवायचं. उणं पडलं तर सासूच्या चुलीकडं बघायचं नाही, उरलं तर मान ताठ ठेवून चालायचं. बोलावल्याशिवाय आई लेकाच्या चुलीवरचं खात नाही आणि लेक आईच्या. परमुलखातले लोक याला भांडण समजतात. आम्ही याला मोठं होणं म्हणतो. पोरीच्या जातीला तर चूल म्हणजे नाव. ज्या सुनेची चूल नाही, तिला तलावावर बायका अजून पाहुणीच म्हणतात.

तेय्वानै एक वर्ष पाहुणी होती. तीनदा मुहूर्त निघाला, तीनदा उमैयाळनं तो मोडला. एकदा सोलैला पडसं झालं म्हणून, एकदा अमावास्या फार जवळ म्हणून, आणि एकदा नुसतंच, पोर वाळलंय म्हणून.

आज चौथा. सूर्य माथ्यावर यायच्या आत चूल पेटायची होती.

*

सोलैच्या विसालाक्षी आत्याची मोटार दारात आली ती भोंगा वाजवतच. मोटार तिच्या मुलाची, मेय्यप्पनची. भोंगा मात्र तिनं वाजवायला लावला होता.

उमैयाळ धावत बाहेर आली. ओठावर बोट ठेवून तिनं नणंदेचं स्वागत केलं.

"काय गं," आत्या मोटारीतून उतरता उतरता म्हणाली, "घरात कुणी गेलंय का?"

"अक्का, हळू बोला ना. सोलै झोपलाय."

"ऊन पायरीवर आलंय. आज याची चूल मांडायची, आणि हा झोपलाय?"

"रात्री त्याला उशिरा डोळा लागला."

"का? दिवसभर नांगर धरला होता वाटतं."

आत्यानं मागं वळून पितळी हंडा उचलला. नव्या चुलीसाठी आणलेला, चांगला जड, तिच्या माहेरवाशिणीच्या मानाचा. उंबऱ्याच्या आत आल्यावर तो तिच्या हातून फरशीवर पडला. निसटला असं म्हणायला जागा होती. सगळं अंगण घणघणलं. खांबावरची कबुतरं उडाली. गाय हंबरली. उमैयाळनं डोळे गच्च मिटले आणि मग उघडून माडीवरच्या दाराकडं पाहिलं.

दार हललं नाही.

"घे," आत्या म्हणाली. "कानाचेही लाड केलेत तुम्ही त्याच्या."

उमैयाळला हसू आलं आणि रागही. ती या नणंदेला सून म्हणून आल्या दिवसापासून भ्यायची. या घरची मोठी लेक. सण असो, लग्न असो, पहिला घास तिचा, पहिला शब्द तिचा. पण सोलैच्या बाबतीत उमैयाळ कुणालाच भीत नव्हती. तिनं हंडा उचलून कडेवर घेतला, लेकरू घ्यावं तसा.

"अक्का, लाड केले ते आमच्या घरात केले. कुणाच्या दारात मागायला पाठवला नाही."

"कशाला पाठवशील? आयत्या बिळावर नागोबा तो. मद्रासच्या कॉलेजात पाठवला होतात. हॉस्टेलात पहाटे घंटा होते म्हणून परत आला. माझा मेय्यप्पन अकराव्या वर्षी बोटीवर चढला. डोळ्यात पाणी नाही. आज अख्खं गाव त्याच्या सल्ल्यानं चालतं."

"तुमचा मेय्यप्पन सोनं आहे, अक्का. मी कुठं नाही म्हणते. पण म्हणून माझा काय पितळ?"

"ते आज दुपारी कळेल," आत्या म्हणाली. "पहिला घास मलाच घ्यायचाय."

मग उमैयाळनं ते काढलं. रात्रभर जपून ठेवलेलं, गोड करून घोटलेलं.

"अक्का, मी म्हणते चूल आज पेटवू. मुहूर्त मोडायचा नाही. तुम्ही घास घ्या, सगळं रीतसर होऊ दे. पण मग पोंगलपर्यंत दोघं माझ्याकडंच जेवतील. तेय्वानैचं वय ते काय, आणि सोलैला भाजलेल्या जिऱ्याचा वास आला नाही तर घास उतरत नाही. नावाला चूल असू दे. पेटायची तेव्हा पेटेल."

आत्यानं डोळे बारीक केले.

"चुलीचं सोंग आणायचं म्हणतेस."

"सोंग नाही हो. थोडी सवड."

पडवीच्या दारामागं बांगड्या वाजल्या आणि थांबल्या. दोघींनीही ऐकलं. दोघींनीही ऐकलं नाही असं दाखवलं.

*

बाहेर ओट्यावर मामा-भाचे पान लावत बसले होते. मेय्यप्पनच्या धोतराची घडी सुरीनं कापल्यासारखी होती. तो पानाची शीर काढायचा तीही एका ओढीत.

"आईनं मुद्दाम टाकला हंडा," तो म्हणाला.

"कळलं मला," चेट्टियार म्हणाले. "लहानपणी माझ्या कानाशी थाळी वाजवायची ती. मेय्यप्पा, एक विचारू? खरं सांग. मी माझ्या पोराला बिघडवलं का?"

मेय्यप्पननं सुपारी कातरली. तो उत्तर देण्याआधी नेहमीच काहीतरी नीट करत असे.

"सोलै वाईट नाही, मामा. पण त्याला वाटतं जगात सगळीकडं उमैयाळ मामीच आहे. कॉफी गार झाली की दुसरी येते. उद्या तुम्ही दोघं नसाल. तेव्हा त्याला कोण उठवणार?"

"हं."

"मला कुणी लाडावलं नाही. माझं काही बिघडलं नाही."

"मलाही कुणी लाडावलं नाही," चेट्टियार म्हणाले. मग पानाच्या डब्याकडं बघत ते म्हणाले, "पण मला अजून पहाटे तो आवाज येतो. आमच्या मुनिमांचा. या वयात. वाटलं, पोराच्या कानात असलं काही राहायला नको. एवढंच केलं रे मी. बाकीचे लाड त्याच्या मागोमाग आले."

"आवाज मलाही येतो."

"मुनिमांचा? ते तर तुझ्या आधीच गेले."

"तुमचा, मामा," मेय्यप्पन शांतपणे म्हणाला. "मी पेढीवर आलो तेव्हा मोठे तुम्ही होतात. ऊठ. दिवा लाव."

रस्त्यावरून एक बैलगाडी गेली. चेट्टियारांनी हातातल्या पानाला दुसऱ्यांदा चुना लावला. आपल्या तोंडून तेच शब्द, त्याच सुरात, रोज पहाटे एका पोरावर पडत होते, हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. त्या पोराला आपण मोठं करतोय असंच ते समजत होते. केलंही होतं. समोर बसला होता तो, गावाचा मान.

"मी वाईट म्हणत नाही," मेय्यप्पन म्हणाला. "त्या आवाजानंच उभा राहिलो."

चेट्टियारांनी लावलेलं पान त्याच्यापुढं केलं. मेय्यप्पननं ते दोन्ही हातांनी घेतलं, जसं पेढीवर घ्यायचा.

*

तेय्वानै माडीवर गेली तेव्हा सोलै जागा होता, पण उठला नव्हता. उशीवर हात डोक्याखाली घेऊन छताकडं बघत होता.

"कसला आवाज झाला गं?"

"हंडा पडला."

"आत्या आली म्हणजे." तो हसला. हसला की त्याचा चेहरा दहा वर्षांच्या पोरासारखा व्हायचा, आणि तेय्वानैचा अर्धा राग तिथंच विरघळायचा. आज तिनं तो विरघळू दिला नाही. ती दाराला टेकून उभी राहिली.

"कॉफी?" त्यानं विचारलं.

"नाही आणली."

तो उठून बसला. त्याच्या आयुष्यात सकाळ अशी कधी सुरू झाली नव्हती.

"काय झालं?"

"खाली ठरतंय की चूल आज पेटवायची आणि दुपारीच विझवायची. मग पोंगलपर्यंत आपण आईंच्या चुलीवरचं जेवायचं."

"बरं मग," सोलै म्हणाला. मग तिच्या तोंडाकडं पाहून, "बरं नाही?"

"मी चार वेळा ती चूल सारवली."

"पण आईच्या हातचं..."

"आईंच्या हातचं चांगलंच आहे. माझ्या हातचं तुम्ही कधी खाल्लंच नाही. एक वर्ष झालं. मला काय येतं, काय नाही, ते तुम्हाला ठाऊक नाही. मला तरी कुठं ठाऊक आहे? तलावावर बायका विचारतात, 'पाहुणी किती दिवस राहणार?' मी हसून कपडे पिळते."

सोलैनं उशी मांडीवर ओढली. त्याला वाईट वाटलं की तो असंच करायचा, खेळणं मोडलेल्या पोरासारखं. तेय्वानैला वाटलं, आता हा रुसणार, आणि आपल्यालाच समजूत काढावी लागणार.

"मला सांगितलं का नाहीस?" तो म्हणाला.

"काय सांगू?"

"की तुला चूल हवी आहे म्हणून. मागायचं."

"मागायची मला सवय नाही," ती म्हणाली. "आमच्या घरी आम्ही पाच बहिणी. जे ताटात पडेल ते खायचं. मागितलं की आई म्हणायची, आधी धाकटीला विचार."

सोलैनं पाय खाली सोडले. वहाणा शोधल्या, सापडल्या नाहीत, तसाच अनवाणी उभा राहिला. केस विस्कटलेले, धोतर चुरगळलेलं.

"मला आहे," तो म्हणाला.

"काय?"

"मागायची सवय."

*

उमैयाळनं त्याला जिन्यावरून येताना पाहिलं आणि सवयीनं स्वयंपाकघराकडं हात केला, कॉफी आणा म्हणून. ओट्यावरचे दोघंही आत आले होते. विसालाक्षी आत्या खांबाला टेकून पाटावर बसली होती, न्यायाधीश बसावा तशी.

"उजाडलं का महाराज?" आत्या म्हणाली.

"उजाडलं, आत्या," म्हणत त्यानं वाकून तिच्या पायांना हात लावला. मग आईपुढं जाऊन उभा राहिला. मागं पायरीवर तेय्वानै थांबली होती.

"आई, मला चूल हवी."

"मांडतोच आहोत की राजा. तू आधी कॉफी घे."

"तशी नाही. खरी. आज पेटवायची ती पेटती ठेवायची. दुपारची नाही, कायमची. मला तुझ्याकडं जेवायचं नाही पोंगलपर्यंत. कधीच नाही, तू बोलावलंस तरच."

अंगणात ऊन चढत होतं, मधल्या चौकात खांबांच्या सावल्या आखूड होत होत्या.

"तुला जमायचं नाही रे," उमैयाळ हळूच म्हणाली. "तुला फुंकणी कशी धरतात हेही ठाऊक नाही."

"नाही ठाऊक. पण हवी."

आत्या पुढं सरसावून बसली. मेय्यप्पन नजर खाली ठेवून उभा होता.

उमैयाळच्या डोळ्यांपुढून काय काय गेलं, ते तिनं कुणाला सांगितलं नाही. याला चंद्र हवा होता तेव्हा तिनं परातीत पाणी भरून अंगणात ठेवलं होतं. याला मोर हवा होता, तेव्हा मोर आला आणि त्यानं बागेतल्या सगळ्या मिरच्या उपटल्या. मागितलं आणि मिळालं नाही असं याच्या बाबतीत झालं नव्हतं. ते झालं असतं तर तिच्याच हातून झालं असतं, आणि तिच्या हातून ते होत नव्हतं. आज तो तिच्याकडं नेमकं तिच्यापासून दूर जाणं मागत होता. आणि मागत होता त्याच हक्कानं, त्याच खात्रीनं, की आई देईल.

तिनं कमरेची किल्ली सोडली. कोठाराची. ती सोलैच्या हातात न देता त्याच्या खांद्यावरून पुढं करून तिनं तेय्वानैला दिली.

"तांदूळ उजव्या हाताच्या कणगीतले घे," ती सुनेला म्हणाली. "डावीकडचे नवे आहेत, भात चिकट होतो. चिंच वरच्या मडक्यात. आणि जिरं भाजून घे गं, त्याला..." ती थांबली. "नाही. तुला वाटेल तसं कर."

"आई," तेय्वानैनं किल्ली घेतली. तिच्या बोटांवर शेण वाळलं होतं. ती वळून कोठाराकडं निघाली ती धावतच.

"बघितलंत, अक्का?" उमैयाळ नणंदेकडं वळून म्हणाली. डोळे भरलेले होते आणि मान ताठ होती. "माझ्या पोरानं मागितलं काय ते बघितलंत?"

*

विसालाक्षी आत्यानं सगळं बघितलं.

रीतीप्रमाणं पुरुषानं चुलीपाशी जायचं नसतं. नव्या नवऱ्यानं देवाला दिवा लावायचा आणि पानापाशी येऊन बसायचं. सोलै चुलीपाशी गेला. अडवायला उमैयाळ पुढं झाली नाही. अडवायची तिला सवय कुठं होती? तो तेय्वानैशेजारी उकिडवा बसला, फुंकणी उलटी धरून फुंकू लागला, धूर सगळा त्याच्याच नाकात गेला. तो खोकला. तेय्वानै हसली, मग तिलाही खोकला आला. काटक्या ओल्या होत्या. विस्तव धरेना. सोलैनं रागानं फुंकणी भिरकावली.

आता उठेल, आत्या मनात म्हणाली. आता कुणाला तरी हाक मारेल.

तो उठला नाही. मांडीवर हात आपटून थोडा वेळ फुगून बसला, मग स्वतःच सरपटत जाऊन फुंकणी घेऊन आला. तेय्वानैनं ती त्याच्या हातात सुलटी करून दिली. वाळक्या नारळाच्या झावळ्या खाली सारल्या, आणि एकदाचा जाळ वर आला, पिवळा, बोटभर, आणि मग चांगला हातभर. सूर्य माथ्यावर यायला अजून थोडा वेळ होता. चेट्टियार आपल्या नकळत पुढं झुकले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर. लेकाचं काळं झालेलं नाक बघून त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं होतं, ते आत्यानं आपल्या भावाच्या चेहऱ्यावर पूर्वी एकदाच पाहिलं होतं. पेनांगहून पहिल्यांदा परतला तेव्हा. बोटीतून उतरून आईच्या पाया पडताना.

भात उतू गेला. उतू जाणं शुभ असतं, तेव्हा सगळ्यांनी हात जोडले. पण तो जरा फारच उतू गेला आणि निम्मी चूल विझली.

पंगत बसली. केळीच्या पानांवर पाणी शिंपडलं. वाढायला सोलै आणि तेय्वानै दोघंही. भात, डाळ, तांदळाच्या धुवणात शिजवलेली भेंडीची आंबट मंडी, आणि पापड, त्यातला एक काळा. पहिलं पान आत्याचं. घरच्या मोठ्या लेकीनं पहिला घास घ्यायचा, आणि एकच शब्द बोलायचा: 'पुरेल.' मग वर्षाचं धान्य सुनेच्या कोठारात जायचं. तिनं तो शब्द म्हटला नाही, असं या घरात कधी झालं नव्हतं. पण तिला तो खोटा म्हणायचा नव्हता.

भात एका बाजूला गिचका, दुसऱ्या बाजूला टणक. डाळीला धूर लागलेला. मंडीत चिंच इतकी की तिचा एक डोळा मिटला.

"आत्या, खरं सांग," सोलै समोर उकिडवा बसून म्हणाला. "वाईट झालंय ना?"

"झालंय."

तेय्वानैनं पदराचं टोक मुठीत धरलं.

"मग पुढच्या महिन्यात परत ये," सोलै म्हणाला. "तोवर आम्ही शिकतो. पण तू ये. दर महिन्याला ये, आणि खाऊन सांग काय चुकलं ते. तुझ्याशिवाय आम्हाला खरं कोण सांगणार? आई तर म्हणेल अमृत आहे."

"मी रिकामी बसलेय वाटतं, दर महिन्याला यायला?"

"ते मला ठाऊक नाही. मला तू हवी आहेस. नाही आलीस तर मी तुझ्या ओट्यावर येऊन बसेन, जेवणार नाही. तुझ्याच गावात तुझी अब्रू जाईल."

पंगत हसली. उमैयाळही डोळे पुसत हसली.

आत्या हसली नाही. तिला कुणी असं काही मागितल्याला फार फार वर्षं झाली होती. लोक तिच्याकडं सल्ला घ्यायला यायचे, आशीर्वाद घ्यायला यायचे, तिच्या जिभेला भिऊन आधीच सगळं नीट करून यायचे. मला तू हवी आहेस, असं पाय आपटून, हट्ट करून, तू देणारच अशा तोऱ्यात कुणी म्हटलं नव्हतं. हा कुठून शिकला हे? आणि तिला वाटलं, हे शिकवता येत नसावं. हे आधी दिलेलं असावं लागतं.

तिनं दुसरा घास घेतला. चावून गिळला.

"पुरेल," ती म्हणाली.

चेट्टियारांनी मोठ्यानं श्वास सोडला. धान्याच्या पाट्या उचलल्या गेल्या. तेय्वानै किल्ली घेऊन पुढं चालली, आणि तिच्या पाठीवर, ओल्या केसांच्या गाठीवर, माथ्यावर आलेलं ऊन पडलं. उमैयाळ तिच्याकडं बघत उभी होती. मग हळूच नणंदेच्या पानाशी येऊन बसली.

"मीही जेवू ना, अक्का? त्यानं बोलावलंय मला."

"जेव," आत्या म्हणाली. "चिंचेला जपून."

पलीकडच्या पानावर मेय्यप्पनचं जेवण झालं होतं. त्यानं सगळं खाल्लं होतं, गिचका भातही, टणकही, एक शीत टाकलं नव्हतं. पान आपल्या बाजूला नीट दुमडून, हात धुऊन तो आईपाशी आला. तिच्यापेक्षा एक पायरी खाली उभा राहिला, जसा नेहमी राहायचा. त्याला कधी चुकलेलं तिनं पाहिलं नव्हतं.

"आई, निघायचं का? ऊन उतरेपर्यंत थांबायचं असेल तर तसं सांग. मी गाडी सावलीत लावतो."

"बस," आत्या म्हणाली.

"काही हवंय का तुला?"

उमैयाळचा घास हातातच राहिला. नणंदेचा आवाज तिनं असा कधी ऐकला नव्हता. तो खाली आला होता, धुरानं बसल्यासारखा.

"मेय्यप्पा, तुझी चूल मांडल्याला किती वर्षं झाली रे? मधे एक भिंत. तुझ्याकडं फोडणी पडली की मला वास येतो. तुझी पोरं हसली की ऐकू येतं. सणाला तू ताट पाठवतोस, झाकून, रीतसर, नोकराच्या हाती. मी ते घेते आणि गावभर सांगते, माझ्या मेय्यप्पनची चूल किती कडक आहे. तुला बोटीवर चढवलं ना, त्या दिवशी तू रडला नाहीस, तेव्हा मी रात्रभर रडले. पण मला वाटलं, हा माझ्याकडं काही मागत नाही, तर मीही याच्याकडं काही मागायचं नाही. तेच चालवलं इतकी वर्षं."

तिनं पानावरून हात उचलला. बोटांना भात तसाच चिकटलेला होता.

"मला तुझ्याकडं जेवायला यायचंय. ताट पाठवू नकोस. मला बोलाव, तुझ्या चुलीसमोर बसव, आणि तू वाढ."